तारेच्या आत ठोकलेला तंबू: हार्ट माउंटन छावणीचे एक प्रकरण

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात कोडी आणि पॉवेल या दोन गावांच्या मधल्या माळावर, हार्ट माउंटन नावाच्या डोंगराच्या समोर, १९४३ च्या सुमारास बालवीरांचा एक मेळावा भरला होता. कोडीचे पथक त्यासाठी पाहुणे म्हणून आले होते. यजमान पथकातला एक मुलगा आणि पाहुण्या पथकातला एक, अशा जोड्या लावून त्यांना छोट्या तंबूंमध्ये राहायला दिले गेले. त्यांपैकी एका तंबूत नॉर्मन मिनेटा आणि अ‍ॅलन सिम्पसन ही अकरा-बारा वर्षांची दोन मुले होती. दोघांचा जन्म १९३१ चा, दोघांच्या गळ्यात सारखाच रुमाल, दोघांनी घेतलेली शपथही शब्दशः तीच. मेळावा आटोपल्यावर सिम्पसन आपल्या पथकाबरोबर कोडीला, स्वतःच्या घरी परत गेला. मिनेटा तिथेच राहिला. ज्या जागेत मेळावा भरला होता तिला काटेरी तारेचे कुंपण होते, कुंपणावर नऊ टेहळणी मनोरे होते, आणि मिनेटा कुटुंब त्या कुंपणाच्या आत अटकेत होते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांच्या स्थानबद्धतेविषयी बोलताना हा प्रसंग बहुधा दोन माणसांच्या गोड मैत्रीची गोष्ट म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. मात्र प्रकरण म्हणून त्याकडे पाहिले तर त्यात एक चमत्कारिक रचना दिसते. उन्हाळी शिबिरात मुलांना जे हौसेने दिले जाते, म्हणजे तंबू, सामुदायिक जेवण, बिगुल, ध्वजवंदन आणि घरापासून दूर राहण्याचा अनुभव, ते सगळे इथे सक्तीने दिलेल्या मोठ्या छावणीच्या पोटात आणखी एक छोटे, ऐच्छिक शिबिर म्हणून मांडलेले होते. मराठीत या दोन गोष्टींना आपण वेगवेगळे शब्द वापरतो. एनसीसीचे किंवा सेवा दलाचे असते ते शिबिर. सैन्याची, निर्वासितांची आणि दुष्काळात गुरांच्या चाऱ्याची असते ती छावणी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, आणि ज्यांनी हार्ट माउंटन उभारले त्यांनी तर तोही शब्द टाळला. त्यांच्या कागदोपत्री ते ‘पुनर्वसन केंद्र’ होते.

आधी काय घडले

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि १९ फेब्रुवारी १९४२ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. त्या आदेशात जपानी हा शब्द कुठेच नव्हता. लष्कराला ठरावीक प्रदेशांतून कोणालाही हलवण्याचा अधिकार त्याने दिला होता. प्रत्यक्षात तो पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सरसकट सर्वांना लावला गेला. सुमारे १,२०,००० माणसे घराबाहेर काढली गेली आणि त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. उरलेल्या पहिल्या पिढीला, म्हणजे ‘इस्सेईं’ना, नागरिक व्हायचे असते तरी होता येत नव्हते, कारण तिथला कायदा १९५२ पर्यंत त्यांना ते करू देत नव्हता.

लष्करी गरज हे कारण किती पोकळ होते हे हवाईकडे पाहिले की कळते. प्रत्यक्ष हल्ला झाला तो हवाईवर, आणि तिथल्या लोकसंख्येत एक तृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते. परंतु तिथे अशी सरसकट हकालपट्टी झाली नाही, कारण एवढी माणसे उचलली असती तर बेटांचे काम ठप्प झाले असते. कॅलिफोर्नियात मात्र जपानी शेतकऱ्यांच्या भाजीपाल्याशी स्पर्धा करणाऱ्या अनेकांना ते नकोच होते आणि जमिनीच्या मालकीवर बंदी घालणारा कायदा तिथे १९१३ पासूनच होता. पुढे १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने या सगळ्याची कारणे वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश या तीन शब्दसमूहांत नोंदवली.

सॅन होजे शहरातल्या मिनेटा कुटुंबाने विजेच्या खांबांवर लागलेल्या सूचना वाचल्या तेव्हा नॉर्मन दहा वर्षांचा होता. ‘जपानी वंशाच्या सर्व व्यक्ती, परकीय आणि अपरकीय’ अशा शब्दांत त्या लिहिलेल्या होत्या. थोरल्या भावाला त्याने विचारले की अपरकीय म्हणजे कोण, आणि उत्तर मिळाले की म्हणजे तूच. नागरिक हा सरळ शब्द वापरला असता तर नागरिकाला खटल्याशिवाय कसे हलवता, हा प्रश्न आपोआप उभा राहिला असता. म्हणून सरकारने दुहेरी नकाराचा हा विचित्र शब्द शोधून काढला. आयुष्यभर मिनेटा सांगत असत की ‘नागरिक’ हा शब्द मला म्हणूनच मोलाचा वाटतो. विमा एजंट असलेल्या वडिलांचा धंदा बंद झाला होता, घरातला कुत्रा दुसऱ्यांना देऊन टाकावा लागला होता, आणि सामान फक्त हातात मावेल तेवढेच न्यायचे होते.

२९ मे १९४२ रोजी हे कुटुंब सॅन होजेहून आगगाडीत बसले. नॉर्मनने कनिष्ठ बालवीराचा गणवेश घातला होता आणि हातात बेसबॉलचा चेंडू, ग्लोव्ह आणि बॅट होती. शिपायाने बॅट काढून घेतली, कारण ती शस्त्र म्हणून वापरता येते. ज्या देशाची शपथ तो मुलगा त्या गणवेशात घेत असे त्याच देशाच्या शिपायाने ती घेतली, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ. या बॅटकडे परत यायचे आहे.

गाडी गेली ती लॉस एंजेलिसजवळच्या सांता अनिता इथे. ते घोड्यांच्या शर्यतीचे मैदान होते आणि हजारो माणसे तिथे तात्पुरती ठेवली होती, त्यांतली कित्येक रिकाम्या केलेल्या तबेल्यांत. नोव्हेंबरमध्ये मिनेटा कुटुंबाला हार्ट माउंटनला आणले गेले. कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत वाढलेल्या माणसांकडे जाड कोट असण्याचे काही कारण नव्हते.

जागा

हार्ट माउंटनची छावणी १२ ऑगस्ट १९४२ रोजी सुरू झाली आणि १० नोव्हेंबर १९४५ रोजी बंद झाली. अशा दहा छावण्या देशभर होत्या: कॅलिफोर्नियात मँझनार आणि टूली लेक, ॲरिझोनात पोस्टन आणि हीला रिव्हर, युटात टोपाझ, आयडाहोत मिनिडोका, कोलोरॅडोत अमाची, आर्कन्सॉत रोवर आणि जेरोम, आणि वायोमिंगमध्ये ही. ऐन भरात इथे १०,७६७ माणसे राहत होती आणि त्यामुळे ही कैदेतली वस्ती वायोमिंगमधले तिसऱ्या क्रमांकाचे ‘शहर’ झाली होती. शेजारच्या कोडीची लोकसंख्या तेव्हा अडीच हजारांच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गावातल्या लोकांना आपल्या वेशीवर एकाएकी काय उगवले असे वाटले असेल याची कल्पना येते.

राहण्याच्या बरॅका १२० फूट लांब आणि २० फूट रुंद होत्या आणि प्रत्येकीत सहा खोल्या पाडलेल्या होत्या. एक बरॅक आम्ही ५८ मिनिटांत उभी करतो, अशी बढाई बांधकामावरचे मजूर मारत असत, आणि बरॅक पाहिल्यावर ती खरी वाटत असे. लाकूड ओले होते. ते वाळत गेले तशा फळ्यांमध्ये फटी पडल्या. वरून काळा डांबरी कागद ठोकलेला. आत प्रत्येक खोलीला कोळशाची एक शेगडी, छताला लोंबणारा एक उघडा दिवा, लष्करी खाटा आणि कांबळी. वादळ झाले की त्या फटींतून माती आत येई आणि सकाळी उशी उचलली की डोक्याच्या आकाराचा तेवढा भाग स्वच्छ दिसे. लोकांनी वर्तमानपत्रे आणि चिंध्या कोंबून फटी बुजवल्या. पहिल्याच हिवाळ्यात पारा शून्याखाली ३३ अंश सेल्सियसपर्यंत उतरला.

न्हाणीघरे आणि शौचकूप सामाईक होते आणि सुरुवातीला त्यांना आडोसेही नव्हते. रात्री लहान मुलाला बाहेर जावे लागले की मनोऱ्यावरचा सर्चलाइट त्याच्यावर पडे आणि तो परत दारात शिरेपर्यंत त्याच्या मागे मागे सरकत राही. मनोऱ्यांवर बंदुका तुमच्याच रक्षणासाठी आहेत असे सांगितले जाई. मग त्यांची तोंडे आतल्या बाजूला का, हा प्रश्न मिनेटा यांना लहानपणी पडला होता आणि म्हातारपणीही ते तो विचारत असत. पहिल्या हिवाळ्यात कुंपण पुरे झाले तेव्हा छावणीतल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांनी त्याविरुद्धच्या अर्जावर सह्या केल्या. त्याच हिवाळ्यात ३२ मुलांना लष्करी पोलिसांनी पकडले. त्यांचा गुन्हा असा की घसरगाडीवरून बर्फात खेळता खेळता ती हद्दीच्या बाहेर गेली होती.

कुटुंब कसे विरघळते

छावणीतल्या आठवणी सांगणारे बहुतेक लोक एका गोष्टीकडे वळतात आणि ती म्हणजे जेवण. प्रत्येक ब्लॉकला एक भोजनगृह होते. घंटा झाली की रांग लागे. थोड्याच आठवड्यांत मुले आपापल्या टोळक्याबरोबर बसू लागली, वडील पुरुषांच्या टेबलावर आणि आई धाकट्या बाळाला घेऊन तिसरीकडे. आपल्याकडच्या उन्हाळी शिबिरात पंगतीला आपल्या गटाबरोबर बसायला मिळणे ही मुलांची मौज असते, कारण दहा दिवसांनी घरच्या ताटावर परतायचे असते. तीन वर्षे तसेच चालले तर घरात कोणी कोणाला वाढायचे, कोणी कोणाला ‘हे आधी संपव’ म्हणायचे, हे सगळे सुटत जाते. इस्सेई वडिलांची अडचण आणखी बिकट होती. धंदा गेला, बोलण्याची भाषा प्रशासनाला संशयास्पद, आणि इंग्रजी बोलणारा मुलगाच ब्लॉकच्या बैठकीत त्यांच्या वतीने उभा राही. कामाचा मोबदला महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर होता; डॉक्टरलाही १९ च्या वर नाही.

तरीही तिथे शाळा भरली, इस्पितळ चालले, ऑक्टोबर १९४२ पासून ‘हार्ट माउंटन सेंटिनेल’ हे साप्ताहिक निघू लागले. पाचशेहून अधिक बाळे त्या तारेच्या आत जन्मली. मोकळ्या जागेत पाणी सोडून ते गोठवले की बर्फावर घसरायचे मैदान तयार होई. सिंचनाचा अर्धवट पडलेला कालवा स्थानबद्धांनी पुरा केला आणि ज्या माळावर सेजचे झुडूपच काय ते उगवत होते तिथे भाजीपाला काढला. तो साठवायला जमिनीखाली प्रचंड तळघरे बांधली. या यादीचे कौतुक वाटते आणि तिथेच थोडे थांबायला हवे. छावणी चालवणाऱ्या युद्ध पुनर्वसन प्राधिकरणाला हे सगळे हवेच होते. हसतमुख मुले, फुटबॉलचा सामना, ध्वजवंदन करणारे बालवीर यांची छायाचित्रे देशाला दाखवता येत होती, की पाहा, सारे कसे सुरळीत आहे. आत राहणाऱ्यांना मात्र तीच कामे वेगळ्या कारणासाठी हवी होती. दिवस मोजायचे नसतील तर दिवसात काहीतरी भरावे लागते. एकाच शिट्टीवर दोन वेगळे हेतू चालत होते आणि छायाचित्रात ते वेगळे काढता येत नाहीत.

निमंत्रण

बालवीर चळवळ या लोकांना छावणीने शिकवली नव्हती. लॉस एंजेलिस आणि सॅन होजेतल्या बौद्ध मंदिरांत आणि चर्चमध्ये निसेई मुलांची, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या दुसऱ्या पिढीची, पथके युद्धापूर्वीच होती. ती माणसांबरोबर आत आली, बिगुल आणि ढोलांसह. छावणीतल्या स्काउटमास्टरांनी आजूबाजूच्या गावांतल्या पथकांना मेळाव्याचे निमंत्रण पाठवायला सुरुवात केली. मिनेटा सांगत असत त्याप्रमाणे उत्तरे नकाराचीच येत. तिथे काटेरी तार आहे, बंदूकधारी पहारा आहे, ते युद्धकैदी आहेत, असे बाहेरचे पालक म्हणत. आतले स्काउटमास्टर परत लिहीत की ही अमेरिकेचीच बालवीर मुले आहेत. तोच गणवेश घालतात, तेच पुस्तक वाचतात, त्याच बिल्ल्यांसाठी धडपडतात.

शेवटी कोडीच्या स्काउटमास्टरांनी होकार दिला. प्रकरणाचा खरा सांधा माझ्या मते हा आहे. पुढे जे काही घडले त्यातले काहीही या एका माणसाच्या निर्णयाशिवाय घडले नसते, आणि तो निर्णय सोपा नव्हता. कोडीतल्या दुकानांवर जपान्यांना मज्जाव असल्याच्या पाट्या होत्या; त्या सिम्पसन यांनी लहानपणी स्वतः पाहिल्या होत्या. युद्ध चालू होते आणि गावातली तरुण मुले प्रशांत महासागरात लढत होती. अशा वेळी दुसऱ्यांची मुले घेऊन त्या फाटकातून आत जायचे होते.

आत काय झाले ते दोघांनी पुढे इतक्या वेळा सांगितले आहे की गोष्टीला थोडी झिलई चढली असणार, हे गृहीत धरावे. सिम्पसनच्या पथकात एक दांडगट मुलगा होता आणि त्याचा तंबू या दोघांच्या तंबूच्या खालच्या अंगाला होता. पाऊस येणार अशी चिन्हे होती. बालवीरांना शिकवतात त्याप्रमाणे दोघांनी तंबूभोवती चर खणला, मात्र पाण्याची वाट अशी काढली की ते थेट खालच्या तंबूकडे जावे. पाऊस आला, खुंट्या सैल झाल्या आणि त्या मुलाचा तंबू त्याच्या अंगावर बसला. सिम्पसन हसत सुटला. मिनेटा यांच्या आठवणीत ते हसणे पक्के राहिले.

गंमत अशी की या गोष्टीत वंश, युद्ध, तार यांचा उल्लेखच येत नाही. दोन उनाड पोरांनी तिसऱ्याची खोडी काढली, एवढेच. सिम्पसन सांगत की आपण शत्रू पाहायला गेलो होतो आणि समोर आपल्यासारखीच, बेसबॉलवर बोलणारी मुले निघाली. मुलांना एकमेकांची ओळख पटायला चर्चासत्र लागले नाही. एक कुदळ आणि उतार पुरला. तरीही मेळावा संपल्यावर फाटकाच्या कोणत्या बाजूला कोण गेले हे विसरून चालणार नाही.

दुसरे तरुण

त्याच छावणीतल्या थोड्या मोठ्या मुलांची गोष्ट मेळाव्याच्या आठवणीत बसत नाही, म्हणून ती इथे नोंदवतो. फेब्रुवारी १९४३ मध्ये सर्व प्रौढांना एक प्रश्नावली भरायला दिली गेली. २७ वा प्रश्न होता: सांगितले जाईल तिथे लढायला तयार आहात का? २८ वा: अमेरिकेशी पूर्ण निष्ठा राखून जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडता का? जी निष्ठा कधी ठेवलीच नव्हती ती सोडायची कशी, असे निसेईंना वाटले, आणि जपानखेरीज कुठलेही नागरिकत्व नसलेल्या इस्सेईंना ‘हो’ म्हणणे म्हणजे देशहीन होणे होते. जानेवारी १९४४ मध्ये निसेईंना पुन्हा सक्तीची सैन्यभरती लागू झाली. हार्ट माउंटनमधून शेकडो तरुण सैन्यात गेले आणि त्यांतल्या दोघांना मरणोत्तर का होईना, पुढे मेडल ऑफ ऑनर हे देशाचे सर्वोच्च पदक मिळाले. त्याच वेळी फेअर प्ले कमिटी नावाच्या गटाने म्हटले की आम्ही लढू, पण आधी आमचे नागरिकत्व आम्हाला परत द्या आणि आईवडिलांना तारेबाहेर काढा. जून १९४४ मध्ये शायान शहरात अशा ६३ जणांवर एकत्र खटला चालला आणि सर्वांना तीन वर्षांची शिक्षा झाली. नंतरचे धरून छावणीतून असे ८५ जण तुरुंगात गेले. अध्यक्ष ट्रुमन यांनी डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना माफी दिली. स्वतःच्या समाजाने मात्र कित्येक दशके त्यांना भेकड ठरवले. जपानी अमेरिकन नागरिकांच्या ज्या प्रमुख संघटनेने त्यांचा तेव्हा धिक्कार केला होता तिने जाहीर माफी मागितली ती २००२ मध्ये.

एकाच भोजनगृहात जेवणारी ही सगळी मुले होती. कोणी राष्ट्रध्वज चढवून, कोणी गणवेशात मरून, कोणी तुरुंगात जाऊन एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते आणि तो प्रश्न त्यांना विचारण्याचा हक्कच कोणाला नव्हता. मेळाव्याची गोष्ट प्रसिद्ध झाली याचे एक कारण ती ऐकणाऱ्याला अवघडायला लावत नाही. ८५ जणांची गोष्ट लावते.

परतफेड

मिनेटा यांच्या वडिलांना शिकागोत सैनिकांना जपानी शिकवण्याचे काम मिळाले आणि युद्ध संपण्यापूर्वीच कुटुंब छावणीतून बाहेर पडले. छावणी बंद होताना उरलेल्यांच्या हातावर २५ डॉलर आणि आगगाडीचे तिकीट ठेवण्यात आले. मिनेटा १९७१ मध्ये सॅन होजेचे महापौर झाले. ती बातमी वाचून सिम्पसन यांनी पत्र पाठवले आणि तुटलेला धागा जुळला. मिनेटा १९७५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधीगृहात आले, सिम्पसन १९७९ मध्ये रिपब्लिकन पक्षातर्फे सिनेटमध्ये.

१७ सप्टेंबर १९८७ रोजी, अमेरिकी संविधानावर सह्या झाल्याला बरोबर २०० वर्षे होत असताना, प्रतिनिधीगृहाने नुकसानभरपाईचे विधेयक २४३ विरुद्ध १४१ मतांनी मंजूर केले. त्याला ४४२ हा क्रमांक मुद्दाम दिला होता. निसेई सैनिकांच्या ज्या पलटणीने युरोपात पराक्रम गाजवला तिचा तो क्रमांक. चर्चेत मिनेटा यांनी सॅन होजे सोडतानाच्या दिवसाबद्दल वडिलांनी लिहिलेले पत्र वाचून दाखवले. सिनेटमध्ये सिम्पसन यांनी पाठिंबा दिला. वायोमिंगसारख्या राज्यातून निवडून आलेल्या रिपब्लिकन नेत्याला त्याची काही राजकीय गरज नव्हती. १० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली. हयात असलेल्या प्रत्येकाला माफीपत्र आणि २०,००० डॉलर, अशी तरतूद होती आणि सुमारे ८२,००० जणांना ती मिळाली. सहीच्या दिवसापर्यंत जे जगले नाहीत त्यांना काही नाही, आणि ज्यांचे सर्वाधिक गेले ते इस्सेई बहुतेक तोवर गेलेलेच होते.

बॅटचे असे झाले की मिनेटा यांची हकीकत छापून आल्यावर कोणा वाचकाने हँक ॲरन या विख्यात खेळाडूची बॅट त्यांना भेट पाठवली. तिची किंमत लोकप्रतिनिधीला घेता येणाऱ्या भेटीच्या मर्यादेपलीकडे होती, त्यामुळे ती परत करावी लागली. सरकारने माझी बॅट पुन्हा नेली, असे त्यावर ते म्हणाले.

११ सप्टेंबर २००१ रोजी मिनेटा परिवहनमंत्री होते आणि देशातली सर्व विमाने खाली उतरवण्याचा हुकूम त्यांच्या कारकिर्दीत निघाला. पुढच्या दिवसांत अरब आणि मुस्लिम प्रवाशांना वेगळे काढून तपासावे, अशी मागणी जोरात होती. त्यांनी तसे होऊ दिले नाही. मंत्रिमंडळाच्या बैठकीत अध्यक्ष बुश यांनी, १९४२ मध्ये नॉर्मच्या बाबतीत जे झाले ते आज व्हायला नको, अशा अर्थाचे शब्द काढले. सत्तेच्या खोलीत छावणीत वाढलेला एक माणूस बसलेला होता म्हणून तो दाखला तिथे दिला गेला. तो नसता तर कोणाला आठवला असता, हे सांगता येत नाही.

आपल्याकडच्या दोन जागा

युद्धकाळात हिंदुस्थानातही ब्रिटिश सरकारने जपानी नागरिकांना अटकेत ठेवले होते, आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि नंतर राजस्थानातल्या देवळी इथे. ते शत्रुराष्ट्राचे प्रजाजन होते. हार्ट माउंटनमध्ये सरकारने स्वतःच्याच नागरिकांना कोंडले, आणि हा फरक प्रकरणाच्या मुळाशी आहे. त्याच देवळीत १९६२ च्या चीन युद्धानंतर चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना ठेवण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेले पुष्कळ होते. म्हणजे वायोमिंगचा धडा इथे गिरवून झालेला आहे.

दुसरी जागा कोल्हापूरजवळची वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. त्यांच्याही शाळा होत्या, चर्च होते आणि बालवीरांची पथकेही होती. आज त्या जागी गांधीनगर आहे. तीही छावणीच होती आणि त्यांनाही घरी जाता येत नव्हते, पण कोल्हापूरच्या बाजारात ते जाऊ शकत होते.

बरॅका

युद्धानंतर हार्ट माउंटनची जमीन निवृत्त सैनिकांना चिठ्ठ्या टाकून वाटण्यात आली आणि बरॅका किरकोळ किमतीत विकल्या गेल्या. शेतकऱ्यांनी त्या करवतीने कापून ओढून नेल्या आणि त्यांची घरे, गोठे, कोठारे केली. ज्या कालव्यावर ही शेती उभी राहिली तो पुरा करणाऱ्यांना मात्र त्या जमिनीचा तुकडा मिळाला नाही. १९४२ मध्ये तासाभरात ठोकलेल्या त्या फळ्या अजूनही त्या परगण्यात ठिकठिकाणी उभ्या आहेत.

त्यांतली एक बरॅक शेल या गावाजवळ गेली. आयोवा राज्य विद्यापीठाचे भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी दर उन्हाळ्यात तिथे क्षेत्रकार्याच्या शिबिराला येत आणि अनेक वर्षे तिच्यात मुक्काम करीत. दिवसभर खडक फोडून संध्याकाळी परतायचे, रात्री शेकोटी करायची आणि काही आठवड्यांनी घरी जायचे, असे तिथले आयुष्य होते. २०१५ मध्ये ती बरॅक उचलून हार्ट माउंटनला परत आणली गेली आणि आता संग्रहालयाच्या आवारात मूळच्या माळावर उभी आहे. तिच्यापासून थोड्या अंतरावर २०२४ मध्ये मिनेटा आणि सिम्पसन या दोघांच्या नावाची संस्था सुरू झाली. मिनेटा ३ मे २०२२ रोजीच वारले होते. सिम्पसन उद्घाटनानंतर काही महिने जगले आणि १४ मार्च २०२५ रोजी गेले.